पुढचं गणित कुणाच्या वाट्याला?

हायस्कूलमध्ये वरच्या पातळीच्या गणिताचे वेगळे वर्ग असावेत की नसावेत, हा वाद कुठेही पेटला तरी दोन वाक्यांभोवतीच फिरत राहतो. एक पक्ष म्हणतो, हुशार मुलांना अडवू नका. दुसरा म्हणतो, मुलांना चाळणी लावू नका. दोन्ही वाक्यं ऐकताना इतकी बरोबर वाटतात की त्यांच्या पुढे जायची गरज कुणाला भासत नाही. मग सभा होतात, पालक एकमेकांची उणीदुणी काढतात, एखादी समिती बसते आणि शेवटी वरचा वर्ग एक तर बंद होतो, नाही तर होता तसाच चालू राहतो. त्या वर्गात शिरायचं कसं, तिथे शिकवतात काय आणि तो भरतो केव्हा, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा वाद तिथेच आहे. पुढचं गणित शाळेत हवंच, आणि भरपूर हवं. पण परीक्षेला किंवा शिफारशीला त्याचं दार उघडता यावं, बंद करता येऊ नये. ज्याला मार्क पडले तो आपोआप आत. ज्याला पडले नाहीत पण यायचं आहे, तोही आत.

अमेरिकेतल्या शाळांत गणिताचे वर्षावर्षाचे स्वतंत्र कोर्स असतात. आधी बीजगणित, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, मग कॅल्क्युलसची पूर्वतयारी आणि शेवटी कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्र. कोर्स पाच आणि हायस्कूलची वर्षं चार. त्या देशातल्या शालेय गणिताची बरीचशी भांडणं या साध्या हिशेबातून निघाली आहेत, कारण शाळा सोडण्याआधी कॅल्क्युलसपर्यंत पोहोचायचं तर पहिलं बीजगणित आठवीतच, साधारण तेराव्या वर्षी, उरकावं लागतं. सतराव्या वर्षी काय शिकायचं याचा निकाल बाराव्या वर्षीच लागतो, आणि तो लावणाऱ्यांत बहुधा ते मूल नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने २०१४ मध्ये यावर उपाय काढला: आठवीत बीजगणित कुणालाच नाही, सगळ्यांना नववीत. हेतू प्रामाणिक होता. आठवीच्या बीजगणिताला कुठल्या घरांतली मुलं बसतात आणि कुठल्या घरांतली बसत नाहीत, हे उघड दिसत होतं. पण पाच आणि चारचा हिशेब होता तिथेच राहिला. ज्यांच्या घरी ऐपत आणि माहिती होती त्यांनी बीजगणित बाहेर विकत घेतलं, सुट्टीत उरकलं किंवा एका वर्षात दोन कोर्स अंगावर घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा वरच्या गणितातली वांशिक दरी कमी झालेली दिसली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने आठवीचं बीजगणित परत आणायचं ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात शहराच्या मतदारांनी ८० टक्क्यांहून अधिक मतांनी त्याला पाठिंबा दिला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा दहा वर्षांचा प्रकार. दरी तयार होत होती आठवीच्या कितीतरी आधी, आणि बंद केला आठवीचा वर्ग.

यावर ‘अडवू नका’ म्हणणारे विजयाच्या घोषणा देतात. त्यांनी जरा थांबावं. एक उपाय फसला म्हणून आजार खोटा ठरत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी गणितात कोण पुढे आहे हे पाहायला गेलं तर आपण बरंचसं मोजतो ते घर: अभ्यासाला बसायला जागा आहे का, चुकलेलं गणित समजावून सांगणारं कुणी आहे का, शिकवणी परवडते का. एकदा तुकड्या पडल्या की अनुभवी शिक्षक वरच्या तुकडीला मिळतो आणि खालच्या तुकडीला दरवर्षी नवा चेहरा. खालच्या तुकडीतलं मूल मग खरोखरच मागे पडतं, आणि आपण म्हणतो, बघा, आमची निवड अचूक होती! हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. सिंगापूरचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. गणिताच्या आंतरराष्ट्रीय तुलनांत सतत अग्रभागी असणाऱ्या या देशाने माध्यमिक शाळेतल्या मुलांचे तीन प्रवाह करण्याची अनेक दशकांची पद्धत २०२४ पासून मोडीत काढली. आता प्रत्येक विषयाची पातळी वेगळी ठरते; गणितात पुढे असलेलं मूल भाषेत सावकाश जाऊ शकतं, आणि वाटेत पातळी बदलूही शकते. चाळणी लावल्याशिवाय गुणवत्ता टिकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या निर्णयाचं काय करायचं?

तरीही चाळणी वाईट म्हणून धान्यच नको, या निष्कर्षाला मी येत नाही. बॉब मोझेसही आला नव्हता. १९६० च्या दशकात हा माणूस मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करत होता. तिथे नोंदणीसाठी राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी अधिकारी. ज्या राज्याने पिढ्यान्‌पिढ्या धड शाळा दिली नाही, तेच राज्य वाचता येतं का याची परीक्षा घेणार. १९८२ मध्ये याच मोझेसने शाळकरी मुलांसाठी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. येत्या काळात बीजगणित न येणं म्हणजे अर्थव्यवस्थेच्या बाहेर राहणं, ही त्याची धारणा होती. बीजगणितामुळे विषमता दिसते म्हणून बीजगणितच पुढे ढकला, असं त्याने म्हटलं नाही. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचवण्यात त्याने उरलेलं आयुष्य घातलं. समतेच्या नावाने वरचे वर्ग बंद करणाऱ्यांनी मोझेसचं निदान उचललं आणि औषध टाकून दिलं.

परीक्षा तटस्थ असते, गणिताची तर असतेच, असं मानणाऱ्यांसाठी आणखी एक प्रसंग. १९७० च्या दशकात आणि पुढेही मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागाच्या तोंडी प्रवेशपरीक्षेत ज्यू मुलांसाठी खास प्रश्न राखून ठेवलेले असत. मुलं त्यांना ‘शवपेट्या’ म्हणत. प्रश्न दिसायला साधे, उत्तर कळल्यावर दोन ओळींचं, पण ते शोधणं जवळजवळ अशक्य. बाहेरून कुणी पाहिलं तर प्रश्नपत्रिकेत खोट काढता येणार नाही. गणितासारख्या निखळ विषयालाही पहारेकरी बनवता येतं, ते असं. त्याच शहरात बेला सुब्बोतोव्स्काया या गणितज्ञ बाईंनी १९७८ मध्ये प्रवेश नाकारलेल्या मुलांसाठी घराघरांतून वर्ग सुरू केले. १९८२ मध्ये ट्रकच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला आणि लवकरच ते वर्गही थांबले. आपल्या शाळांत इतका दुष्टपणा नसतो, हे कबूल. पण शिक्षकाच्या शिफारशीचा कागद हासुद्धा एक तोंडी परीक्षेचाच प्रकार आहे, आणि त्यात कुठलं मूल ‘चौकस’ आणि कुठलं ‘चुळबुळं’ ठरतं, हे मुलाच्या गणितावरच अवलंबून असतं असं छातीठोकपणे कोण सांगेल?

आता माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. दार उघडं ठेवलं तर तयारी नसलेली मुलं आत येतील, गटांगळ्या खातील आणि वर्गाचा वेग मारला जाईल. हा आक्षेप खोटा नाही. अपूर्णांक कच्चे असलेल्या मुलाला बीजगणिताच्या वर्गात नुसतं बसवणं म्हणजे त्याला जाहीरपणे नापास करणं. म्हणूनच लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये खाइमे एस्कालान्टे या गणितशिक्षकांनी काय केलं ते नीट पाहावं लागतं. लोकांना १९८२ ची गोष्ट आठवते: कॅल्क्युलसच्या राष्ट्रीय परीक्षेत त्यांचे १८ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यातल्या १४ जणांवर संशय घेतला, १२ जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि सगळे पुन्हा उत्तीर्ण झाले. (श्रीमंत वस्तीतल्या शाळेवर असा संशय घेतला असता का, हा प्रश्न बाजूला ठेवतो.) पण एस्कालान्टे त्या शाळेत आले होते १९७४ मध्ये. मधली वर्षं खालच्या इयत्तांचं बीजगणित पक्कं करण्यात आणि हळूहळू कॅल्क्युलसचा वर्ग उभा करण्यात गेली. पुढे सुट्टीतल्या वर्गांचीही त्यात भर पडली. प्रवेशाची अट एकच, कष्ट करायची तयारी. उघडं दार ही त्या गोष्टीतली स्वस्त बाजू. महाग बाजू म्हणजे दारापर्यंतचा रस्ता, आणि १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेल्यावर ती घडी विस्कटली, यावरून तो रस्ता एका माणसाच्या खांद्यावर ठेवू नये एवढं तरी दिसतं.

कच्च्या मुलांना आधार द्यायचा तर कसा, याचंही एक उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइझमन यांना १९७० च्या दशकात प्रश्न पडला की कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी इतक्या मोठ्या संख्येने का अडखळतात. सहकाऱ्यांची उत्तरं ठरलेली होती: पाया कच्चा, घरचं वातावरण, इच्छाच नाही. ट्राइझमन मुलांच्या मागे-मागे फिरले, ती अभ्यास कशी करतात ते पाहत राहिले, आणि यातलं एकही उत्तर टिकलं नाही. ही मुलं भरपूर अभ्यास करत, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमन यांनी एकत्र बसून सोडवण्याचे वर्ग काढले, त्यात नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली आणि त्यांना ‘कमजोर मुलांचा जादा तास’ असं नाव न देता मानाचा कार्यक्रम म्हणून जाहीर केलं. निकाल झपाट्याने सुधारले. ते महाविद्यालय होतं, हे खरं. पण कच्च्या मुलाला सोपं आणि पुष्कळ द्यायचं, हा शाळांचा जो रिवाज आहे त्याच्या मुळावरच हे घाव घालतं.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. मुलाने स्वतः निवडायचं म्हटलं तरी हात वर करणारी मुलं तीच असतील, ज्यांना घरून सांगितलेलं असतं की हात वर कर. हे मला मान्य करावंच लागेल. नुसती मुभा ही पुष्कळदा आधीच्यांचीच सोय असते. म्हणून परीक्षेला मी पूर्ण हद्दपार करत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१८ मध्ये कायदा केला की वार्षिक परीक्षेत सर्वांत वरच्या श्रेणीत आलेल्या मुलाला वरच्या गणिताच्या वर्गात जागा द्यायचीच; पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याला तिथून काढता येत नाही. ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं असं मूल परीक्षेमुळे नजरेत भरतं. परीक्षेचा हा उपयोग करायलाच हवा. तिने फक्त उरलेल्यांना ‘तुम्ही नाही’ असं सांगू नये.

इथवर दाराचं झालं. पण आत काय आहे? बहुतेक शाळांत वरचं गणित याचा अर्थ पुढच्या इयत्तेचं पुस्तक एक वर्ष आधी, एवढाच असतो. तेच सराव, तीच सूत्रं, फक्त घाई जास्त. काही मुलांना ही घाई मानवते हे नाकारण्यात अर्थ नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्यूलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला अभ्यास अशा मुलांचा दशकानुदशकं माग काढतो आहे, आणि झपाट्याने पुढे गेल्यामुळे त्यांचं नुकसान झालं या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. पण ती मुलं थोडी. बाकीच्यांसाठी वेगाची ही शर्यत गणिताची ओळखच बिघडवते.

एक प्रश्न घ्या. बुद्धिबळाच्या पटाची कर्णाच्या दोन टोकांवरची दोन घरं कापून टाकली. उरली ६२. शेजारशेजारची दोन घरं झाकेल अशी एक पट्टी, अशा ३१ पट्ट्यांनी हा पट पूर्ण झाकता येईल का? मुलं आधी कागदावर खटपट करतात. जमत नाही. मग म्हणतात, जमेल, पण अजून सापडलं नाही. इथे शिक्षकाने गप्प बसायचं असतं, आणि शिकवण्यातलं हे सगळ्यात अवघड काम आहे. कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रत्येक पट्टी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते, आणि कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची होती. एका रंगाची ३२, दुसऱ्याची ३०. संपलं, कितीही डोकं लढवा, होणार नाही. ‘अजून सापडलं नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांतलं अंतर त्या मुलाला त्या क्षणी कळतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: एक काळं आणि एक पांढरं घर कापलं, तेही कुठलंही, तर? उत्तर आहे, नेहमी जमतं. का जमतं, यावर वर्गाचा एक आठवडा सुखाने जाऊ शकतो. इथे एकही सूत्र लागलं नाही, अवयव पाडता न येणारं मूलही पहिल्या रांगेतल्या मुलाच्या बरोबरीने बोलू शकलं, आणि सिद्धता म्हणजे काय हे दोघांनाही समजलं. असं गणित ‘पूरक’ म्हणून वर्षातून एखाद्या दिवशी, प्रदर्शनापुरतं का यावं?

हंगेरीने हे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. दानिएल अरान्य या शाळामास्तरांनी १८९४ मध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी गणिताचं मासिक सुरू केलं. दर अंकात प्रश्न. मुलांनी उत्तरं टपालाने पाठवायची. चांगली उत्तरं पाठवणाऱ्याच्या नावासह छापली जायची. त्याच वर्षी शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी भौतिकशास्त्रज्ञ एट्व्हश यांच्या सन्मानार्थ स्पर्धा सुरू झाली: प्रश्न तीनच, वेळ काही तासांचा, पुस्तकं-वह्या जवळ बाळगायला परवानगी. थिओडोर फॉन कार्मान, गाबोर सेगो, एडवर्ड टेलर हे पुढे जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ त्या स्पर्धेचे विजेते. विद्युतगतीने पर्याय निवडायला लावणाऱ्या आजच्या बहुतेक स्पर्धा या दोन उपक्रमांशी नातं सांगतात, पण त्यांतलं मर्म, म्हणजे एका प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजणं, तेवढं गाळतात. त्याच हंगेरीतली एक गोष्ट मात्र मला खटकते. बुडापेस्टच्या लासलो रात्स या शिक्षकांनी पुढे थोर गणितज्ञ ठरलेल्या शाळकरी जॉन फॉन नॉयमनची बुद्धी ओळखली आणि त्याच्या वडिलांना सांगून विद्यापीठातल्या गणितज्ञांकडे त्याच्या वेगळ्या शिक्षणाची व्यवस्था केली. मुलगा शाळेत आपल्या सोबत्यांमध्येच राहिला. रात्स यांच्या शहाणपणाला तोड नाही. त्यांचा दुसरा विद्यार्थी, भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर याने पुढे प्रिन्स्टनच्या आपल्या खोलीत त्यांचं छायाचित्र लावलं होतं. पण नॉयमनचे वडील बँकर होते. रात्स यांनी तीच सूचना एखाद्या हमालाच्या घरी जाऊन केली असती तर काय झालं असतं?

सगळ्यांना कॅल्क्युलस कशाला, संख्याशास्त्र द्या, हा एक नवा सूर आहे, आणि त्यात तथ्य आहे. बहुतेकांना आयुष्यात कॅल्क्युलसमधल्या विकलनापेक्षा संभाव्यता जास्त वेळा लागते. पण पर्याय म्हणून येणारा कोर्स पुष्कळदा पळवाट म्हणून येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये डेटा सायन्सचे कोर्स बीजगणिताच्या दुसऱ्या भागाऐवजी चालवून घ्यायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये हा निर्णय मागे घेतला, कारण बीजगणित टाळून आलेल्या मुलाला विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटा बंद होत होत्या, आणि हे त्याला आधी कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. संख्याशास्त्र जरूर शिकवा, बीजगणितासह शिकवा.

राहिला वेळेचा प्रश्न. शाळा सुटल्यानंतर भरणारं गणित मंडळ सर्वांसाठी खुलं आहे असं शाळा सांगते. पण ज्याला धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी जायचं आहे, ज्याची शेवटची बस चुकणार आहे, जो संध्याकाळी कामावर जातो, त्याच्यासाठी ते बंदच आहे. वरच्या गणिताचा तास संगीताच्या किंवा खेळाच्या तासावर आदळत असेल तरी तेच. शाळेला या विषयाचं गांभीर्य किती, हे माहितीपत्रकापेक्षा वेळापत्रक अचूक सांगतं.

आणि शिकवणार कोण? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मुख्याध्यापक म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाल्यावर अमेरिकेने घाईघाईने ‘नवं गणित’ शाळांत आणलं. संच आणि वेगवेगळ्या पायांच्या संख्यापद्धती पाठ्यपुस्तकांत आल्या, शिक्षकांपर्यंत पुरेशा पोहोचल्या नाहीत, आणि १९७० च्या दशकात सगळं गुंडाळावं लागलं. पण कोडं-प्रश्नांच्या वर्गाला प्रत्येक शाळेत एक निष्णात गणितज्ञ लागतोच असं नाही. मॉस्कोत निकोलाय कोन्स्तान्तिनोव्ह यांनी १९६० च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत व्याख्यानच नसे. मुलांच्या हाती प्रश्नांचा एक कागद देत. सुटलेला प्रश्न मूल एका मदतनीसाला तोंडी समजावून सांगे, आणि मदतनीस त्यातली भोकं दाखवी. हे मदतनीस बहुतेक विद्यापीठातले विद्यार्थी आणि त्याच वर्गांतून बाहेर पडलेली मुलं. जवळ विद्यापीठ नाही अशा गावाला हे जमणार नाही असं कुणी म्हणेल, तर अरान्य यांचं मासिक टपालावर चाललं होतं. अकरावीच्या मुलांनी आठवीच्या मुलांची उत्तरं तपासायची, त्यांची एका शिक्षकाने तपासायची, आणि त्या शिक्षकाचे तेवढे तास त्याच्या कामाच्या तक्त्यात धरायचे. यातलं शेवटचं कलम बहुतेक प्रस्तावांतून गळतं. तो तास शिक्षकाने हौसेने, फुकट द्यावा अशी अपेक्षा असते, आणि दोन वर्षांत हौस आटली की ‘मुलांचा प्रतिसाद नव्हता’ असा शेरा मारून उपक्रम बंद होतो.